पाम नव्हे, लव्हाळ्याचा भाऊबंद

नव्या वास्तूच्या दारात, मंगल कार्यालयाच्या कारंज्याभोवती, दवाखान्याच्या प्रतीक्षालयात आणि अलीकडे पतसंस्थांच्या काउंटरशेजारीही एक झाड हटकून दिसू लागले आहे. जमिनीतून थेट वर निघालेले, बोरूसारखे सडसडीत हिरवे दांडे. त्यांवर वाटेत कोठेही पान नाही. आणि टोकाला, उघडलेल्या छत्रीच्या काड्या पसराव्यात तशा अरुंद हिरव्या पात्यांचा गोल. रोपवाटिकेत नाव विचारले की 'अम्ब्रेला पाम' असे उत्तर मिळते. कोणी 'छत्री पाम' म्हणतात, कोणी नुसतेच 'शोचे झाड'. वास्तविक हे झाड पाम नाही, बांबू नाही आणि काटेकोर अर्थाने गवतही नाही. नावाचा हा वाद केवळ पंडितांपुरता असता, तर त्यावर दोन पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु या चुकीच्या नावापायी झाडाची जोपासनाही चुकीची होते आणि घरोघरी ही झाडे वाळून जातात.

आमच्या करकंबमधील एका परिचित व्यापारी कुटुंबाने नव्या बंगल्याच्या कुंपणालगत या झाडांची एक रांग लावली होती. विक्रेत्याने 'पाम' म्हणून दिली आणि पामला जास्त पाणी चालत नाही, आठवड्यातून दोनदा पुरे, असा सल्लाही सोबत दिला. माघापर्यंत झाडे तग धरून होती. फाल्गुनात छत्र्यांची टोके तपकिरी पडली आणि चैत्राच्या मध्यास सारे दांडे पिवळे होऊन मोडून पडले. त्या घरचा तरुण मुलगा म्हणाला, "काका, झाडे मेली. उपटून टाकतो आणि तेथे दुसरे काही लावतो." मी म्हटले, "उपटू नकोस. वरचे सगळे बुडापासून काप, खालचा गड्डा उकरून घमेल्यात ठेव आणि घमेले पाण्याने भर." अठरा-वीस दिवसांत त्या मेलेल्या गड्ड्यांमधून हिरवे कोंब वर आले. झाड मेले नव्हते, तहानलेले होते. पाम म्हणून सांगितलेला नियम त्याच्यावर लादला गेला होता. ते मात्र जन्मजात पाणथळीचे झाड आहे.

बँकेत आम्हांस पहिला धडा मिळाला तो सही जुळवून पाहण्याचा. धनादेशावरील नाव काहीही असो, नमुना सहीशी ती सही पडताळल्याखेरीज रक्कम द्यायची नाही. झाडांच्या बाबतीतही ही सवय उपयोगी पडते. या झाडाच्या सहीत तीन खुणा पाहाव्यात आणि त्यासाठी भिंगाची गरज नाही, दोन बोटे व एक चाकू पुरतो.

पहिली खूण पेरांची. आपण सारे ऊस पाहणारे लोक आहोत. उसाला पेर असते, कांडे असते, प्रत्येक पेराशी डोळा असतो. बांबूचे तेच, ज्वारीच्या ताटाचे तेच. गवताच्या कुळातील प्रत्येक वनस्पतीला अशी पेरे असतातच. या झाडाच्या दांड्यावरून मात्र खालपासून वरपर्यंत बोट फिरवले तरी एकही पेर लागत नाही. सारा दांडा अखंड आहे.

दुसरी खूण आकाराची. गवताचा दांडा गोल असतो, मोथ्याच्या कुळातील दांडा बहुधा त्रिकोणी. बांधावरचा लव्हाळा उपटून बोटांत फिरवून पाहा, त्याचे तीन कोपरे लगेच जाणवतील. आपल्या या शोभेच्या झाडाचे कोपरे काहीसे बोथट असतात, त्यामुळे वरवर ते गोल वाटते आणि फसगत होते. छत्रीच्या लगत, वरच्या भागात दांडा आडवा कापून पाहावा, म्हणजे तो त्रिकोणी आकार डोळ्यांना दिसतो.

तिसरी खूण आतली. दांडा उभा चिरला तर आत पांढरे, मऊ, स्पंजासारखे भेंड भरलेले आढळते. नळ किंवा बांबू यांसारखी पोकळी नाही. आपल्या पूर्वजांच्या दुकानांत खतावण्या आणि रोजमेळ ज्या बोरूने मोडी अक्षरांत लिहिले जात, तो बोरू पोकळ दांड्याच्या वनस्पतीचा असे; पोकळीमुळेच त्याला टोक काढता येई व शाई धरता येई. या झाडाच्या दांड्याचा बोरू कधीही होणार नाही. बाहेरून बोरूसारखा दिसतो म्हणून मी प्रारंभी ती उपमा दिली, पण साम्य तेथेच संपते.

टोकाची छत्री ही आणखी एक गंमत. आपण ज्यांना पाने समजतो ती पाने नव्हेतच. ती फुलोऱ्याखालची छदे आहेत. साधारण पंधरा-वीस छदे दांड्याच्या टोकाशी एकमेकांना खेटून उगवतात आणि चहूकडे पसरतात. खरी पाने दांड्याच्या बुडाशी, तपकिरी आवरणाच्या रूपात शिल्लक राहिली आहेत. त्यांना पाते असे उरलेलेच नाही. त्यांचे काम हिरवा दांडा आणि ही छदे मिळून करतात. छत्रीच्या मधोमध बारीक देठांवर हिरवट, पुढे तपकिरी होणारी कणसांसारखी इवलीशी फुले येतात. त्यांना ना गंध, ना रंग. परागीभवन वाऱ्यावर होते, त्यामुळे कीटकांना आमंत्रण देण्याची त्यांना गरजच पडत नाही. लिनियसने १७६७ मध्ये या वनस्पतीचे 'सायपेरस अल्टर्निफोलियस' असे नामकरण केले. या नावाचा अर्थ एकाआड एक पाने असलेली. आणि झाडाला तर पानेच नाहीत! थोरामोठ्यांच्या नोंदवहीतही असे घडते. पुढे १७७२ मध्ये डेन्मार्कच्या रॉटबोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेले 'सायपेरस इन्व्हॉल्युक्रेटस' हे नाव अधिक अन्वर्थक आहे, कारण ते त्या छदांच्या वलयाकडे बोट दाखवते. आज ही दोन्ही नावे पुस्तकांत आढळतात. या वनस्पतीचे मूळ घर आफ्रिका, मादागास्कर व अरबस्तान या प्रदेशांतील नद्या-ओढ्यांचे काठ.

म्हणजे हा पाहुणा परदेशचा. परंतु त्याचे सगेसोयरे आपल्या दारात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. 'सायपेरस' ही सारी मोथ्याचीच प्रजाती. उसाच्या सरीत कितीही खुरपले तरी पुन्हा उगवणारा, शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारा लव्हाळा हा याचा सख्खा भाऊबंद. त्याच्या जमिनीखालच्या गाठी म्हणजे नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात जो सुवास दरवळतो, त्यात या गाठींचा वाटा मोठा. तुकाराम महाराजांनी नम्रतेच्या दाखल्यासाठी जी वनस्पती निवडली ती लव्हाळ्याचीच जात. पंढरपुरात चंद्रभागेचे पूर पाहिलेल्यांना त्या निवडीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. दुसरा भाऊ इजिप्तमधील पपायरस. त्याच्या भेंडाच्या पातळ पट्ट्या उभ्या-आडव्या रचून, दाबून, वाळवून नाईलच्या काठी लेखनपत्रे तयार होत, आणि इंग्रजीतील कागदवाचक शब्द त्याच्याच नावावरून आला. तात्पर्य, बोरूच्या कुळाने जगाला लेखणी दिली आणि मोथ्याच्या कुळाने लिहावयास पत्र दिले. हिशेबाच्या वह्यांवर वाढलेल्या आपल्या समाजाने दोघांचेही ऋण मानावयास हरकत नाही.

एक फरक मात्र ध्यानी ठेवावा. लव्हाळ्याप्रमाणे जमिनीखाली माळेसारख्या गाठी या शोभेच्या झाडाला येत नाहीत. त्याचा आखूड, जाड, लाकडासारखा कंद असतो आणि झुपका त्याच्याभोवती हळूहळू रुंदावतो. म्हणून कुंडीत ते सुखाने राहते आणि 'लव्हाळा घरात कशाला आणता' ही वडीलधाऱ्यांची शंका त्याला लागू पडत नाही.

याच्याशी गल्लत होणारी आणखी काही झाडे बाजारात असतात. छत्रीऐवजी केसांच्या झुबक्यासारखे शेकडो बारीक, लोंबते तंतू दिसले तर तो पपायरस. तो पुरुषभर उंच वाढतो व त्याला मोठे हौदच लागतात. टोकाला काहीच नाही, नुसते हिरवे नळकांडे आणि ठरावीक अंतरावर काळसर वलये असतील तर ते 'हॉर्सटेल', म्हणजे एक्विसेटम. त्याला फुले-बिया नसतात, बीजाणू असतात, आणि वलयाशी ओढले की दांडा नळीसारखा सुटून येतो. दांड्यावर उसासारखी लांब पाने आणि त्यांवर पांढरे पट्टे असतील तर तो पट्ट्यांचा नळ, खरोखर गवताच्या कुळातला. ओढ्याकाठी तपकिरी, मखमली कणीस मिरवणारा रामबाण तर सर्वांच्या परिचयाचा. ही सगळी पाण्याला धार्जिणी असली तरी त्यांची वाढ आणि पसरण्याची रीत वेगवेगळी आहे. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दांडा पाहून घ्यावा.

आता जोपासना. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटरच्या दरम्यान पाऊस येतो आणि तोही लहरी. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर पंढरपूर-टेंभुर्णीच्या या पट्ट्यात ऊस, द्राक्ष, डाळिंब उभे राहिले. परंतु उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली पिढी अजून हयात आहे. अशा मुलखात पाण्यात पाय बुडवून बसणारे झाड लावावे का, हा प्रश्न रास्त आहे. माझे स्पष्ट मत असे की, पिण्याजोग्या पाण्यावर हे झाड वाढवू नये. धान्य, भाज्या व फळे धुतल्याचे पाणी, कपडे दुसऱ्यांदा खळबळल्याचे पाणी, फरशी पुसण्यापूर्वीच्या बादलीतले उरलेले पाणी, एवढ्यावर एक-दोन झुपके आनंदाने पोसतात. पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र एकटे वापरू नये. त्यात क्षार साठलेले असतात आणि छत्रीची टोके जळतात. साध्या पाण्यात मिसळून ते चालेल. बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीच्या काठाशी पांढरा थर दिसू लागतो. पावसाळ्यात पन्हाळीच्या पाण्याने माती दोन-तीनदा भरपूर धुऊन काढली की तो भार उतरतो.

मातीचे म्हणाल तर आपली काळी माती कुंडीत एकट्याने घालू नये. ओली असताना चिकट चिखल आणि वाळली की दगड. तीन भाग पोयटा आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत हे मिश्रण उत्तम. आपल्या जमिनीत चुनखडी जास्त, त्यामुळे कोवळ्या छत्र्या कधीकधी फिकट पिवळ्या निघतात. द्राक्षबागायतदार ही खूण ओळखतात, लोहाची उणीव. बागेसाठी आणलेल्या फेरस सल्फेटची चिमूट पाण्यात विरघळवून दिली तर रंग परततो. सकाळचे ऊन या झाडास मानवते. एप्रिल-मेमधील दुपारचे ऊन व उष्ण वारे मात्र त्याला सुकवून टाकतात, म्हणून घराच्या पूर्वेस किंवा उत्तरेस जागा द्यावी. पिवळा झालेला दांडा मध्येच न कापता बुडापासून काढावा, कारण कापलेल्या दांड्याला पुन्हा छत्री फुटत नाही. नवा दांडा कंदातूनच येतो. बाकी या झाडाला फारसे सोपस्कार लागत नाहीत.

खरा प्रश्न साचलेल्या पाण्याचा आहे आणि त्याकडे आपल्या घरांतून दुर्लक्ष होते. या झाडाची कुंडी पाण्याने भरलेल्या टबात ठेवतात. उघडे पाणी आठ-दहा दिवस स्थिर राहिले की उष्ण हवेत त्यात डासांची एक पिढी पूर्ण होते. डेंग्यूचा डास तर असेच घरातले स्वच्छ पाणी पसंत करतो. आरोग्य खाते आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावयास सांगते, तो यासाठीच. मग कोणी त्या टबात गप्पी मासे सोडा म्हणतो, कोणी औषध टाका म्हणतो. पाणी गाळून वापरण्याचा संस्कार ज्या घरात आहे, त्या घराने शोभेसाठी जीवोत्पत्ती होऊ द्यावी आणि नंतर ती नष्ट करण्याचे उपाय शोधावेत, हे मनाला पटत नाही. उत्पत्तीच होऊ न देणे हाच योग्य मार्ग, आणि तो अगदी सोपा आहे.

टबात उघडे पाणी ठेवूच नये. छिद्र नसलेला टब घ्यावा, तळाशी चार बोटे बारीक खडी घालावी, त्यावर झाडाचा गड्डा मातीसह ठेवावा, भोवती जाड वाळू भरावी आणि वर पुन्हा तीन-चार बोटे खडीचा थर द्यावा. कडेला हातभर लांबीचा प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा उभा पुरावा. पाणी त्यातूनच घालावे आणि एक काडी बुडवून पातळी पाहावी. पाणी वाळूत राहील, खडीच्या वर दिसणार नाही. वरचा थर कोरडा असल्यामुळे डासाला अंडी घालण्यास पृष्ठभागच मिळत नाही. नळीच्या तोंडाला मात्र पाणी गाळण्याच्या जाड कापडाची घडी बांधण्यास विसरू नये, अन्यथा तेवढी वाटही त्याला पुरते. पावसाळ्यात टब तुडुंब भरू नये म्हणून खडीच्या थराखाली एक छोटे भोक पाडून ठेवावे. उघड्या टबातून वाफेने उडून जाणारे बरेच पाणीही यामुळे वाचते, हा दुसरा लाभ.

योगायोग असा की, सांडपाणी शुद्ध करण्याची एक शास्त्रीय रीत याच तत्त्वावर उभी आहे. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने 'फायटोरिड' नावाची पद्धत विकसित केली. तीत खडी-वाळूच्या थरांमधून सांडपाणी संथपणे वाहते आणि त्या थरांत लावलेल्या रामबाण, नळ, कर्दळ, मोथ्याच्या जाती अशा पाणथळीच्या वनस्पतींच्या मुळांशी राहणारे सूक्ष्मजीव त्यातील घाण विघटित करतात. छत्रीचे हे झाड जगभर अशा कृत्रिम पाणथळींत वापरले जाते. ज्यांच्या मळ्यात किंवा मोठ्या परसात मोरीचे पाणी उघड्या गटारात सोडले जाते, त्यांनी जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याने असा एक वाफा करून पाहावा. दोन कुंड्यांच्या हौसेपेक्षा हा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. त्या पाण्यावर फुलझाडे, नारळ पोसावेत. पिण्यासाठी वा कच्च्या भाज्यांसाठी ते नाही.

रोपे तयार करण्याची रीत सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, कारण ती जितकी सोपी तितकीच नवलाची आहे. भरलेली, निरोगी छत्री निवडावी. तिच्याखाली तीन-चार बोटे दांडा राखून कापावे. छदे कात्रीने निम्मी करावीत, म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. मग ती छत्री उलटी, म्हणजे दांड्याचे टोक वर आणि छत्री खाली अशी, पाण्याच्या भांड्यात तरंगत ठेवावी. सावलीत दोन-तीन आठवड्यांत छदांच्या बगलांतून पांढरी मुळे आणि हिरवे कोंब फुटतात. उलटे ठेवण्याचे कारण असे की, निसर्गात जुना दांडा वाकून त्याची छत्री पाण्याला किंवा चिखलाला टेकते आणि तेथेच नवे झाड धरते. आपण फक्त तेवढीच अवस्था घडवून आणतो. भांड्यातील पाणी दर तिसऱ्या दिवशी बदलावे, पुन्हा डासांसाठीच. कोंब बोटभर झाले की ओल्या मातीत बसवावेत. आषाढ-श्रावणातील दमट हवा यासाठी सर्वांत अनुकूल. फाल्गुन-चैत्रातही होते, परंतु सावली लागते. झुपका फार दाटला आणि मधला भाग वाळका दिसू लागला की दोन-तीन वर्षांनी गड्डा काढून धारदार खुरप्याने तीन-चार भाग करावेत व कडेचे तरुण भाग लावावेत. सोयऱ्यांना द्यावयास याहून स्वस्त भेट नाही.

देताना मात्र एक अट घालावी. नको झालेला झुपका ओढ्यात, कालव्यात किंवा विहिरीच्या काठी टाकावयाचा नाही. जी छत्री वाटीभर पाण्यात रुजते ती ओढ्यात किती रुजेल, याचा हिशेब करावयास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. शिवाय वाऱ्यावर व पाण्यावर पसरणारे बारीक बी वेगळेच. ऑस्ट्रेलिया, हवाई बेटे, फ्लोरिडा येथे बागांतून निसटलेले हे झाड पाणवठ्यांवर माजले आहे. आपल्याकडचा दाखला जलपर्णीचा. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या देखण्या जांभळ्या फुलांसाठी बागांच्या तळ्यांत आणली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली, आणि आज पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतून ती काढण्यावर दरवर्षी सार्वजनिक पैसा खर्च होतो. या नद्यांचे पाणी शेवटी भीमेतूनच आपल्याकडे येते.

म्हणून फुलोरा तपकिरी पडू लागताच, बी झडण्यापूर्वी, तेवढ्या छत्र्या कापून घ्याव्यात. कापलेले दांडे व विभागणीनंतर उरलेले गड्डे गच्चीवर किंवा पत्र्यावर दोन-तीन आठवडे कडकडीत उन्हात वाळवावेत. हिरवे असताना खताच्या खड्ड्यात टाकले तर तेथेही ते कोंब धरतात. गड्डा हाताने मोडला असता आत ओल दिसेनाशी झाली, म्हणजे खड्ड्यात टाकावयास तयार झाला असे समजावे. फुलोऱ्याच्या छत्र्या मात्र खड्ड्यात टाकू नयेत, कारण वाळवल्याने बी मरत नाही. त्या पिशवीत बांधून घंटागाडीत द्याव्यात.